राजपत्राचे वाचन आणि माळरानाची राखण

सन १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर धरण्यात आले. सोलापूर जिल्ह्याबरोबर आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा व नेवासे तालुक्यांचा भाग त्यात आला. शेते, वस्त्या, बाजारपेठेची गावे, सारे त्या रेषेच्या आत गेले. जमीनमालकांपैकी फारच थोड्यांनी ती अधिसूचना त्या वेळी वाचली असेल.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम २० व्यापारी कुटुंबांनी आवर्जून वाचावे असे आहे. अभयारण्याची अधिसूचना निघाल्यानंतर त्या हद्दीतील जमिनीवर वारसाहक्काशिवाय कोणताही नवा हक्क संपादन करता येत नाही, असे ते सांगते. मुलाच्या नावे जमीन होईल. परंतु खरेदीखत वा तारण यांचा प्रश्न आला की अडचण उभी राहते. हक्कांची चौकशी वेळेत पूर्ण झाली असती तर हा गुंता वाढला नसता. तो वर्षानुवर्षे तसाच राहिला आणि त्या देखण्या, बिचाऱ्या पक्ष्याविषयी लोकांच्या मनात राग साठत गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. जमिनी मोकळ्या झाल्या, पण माळढोक या माळांवर आता जवळपास दिसेनासाच झाला आहे. माणूसही नाडला गेला आणि पक्षीही वाचला नाही, असा हा व्यवहार. दोन्ही बाजूंना तोटा झालेला हिशेब क्वचितच पाहावयास मिळतो.

याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. ते १९८० चे, क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. तेथे काळविटांचे कळप आजही दिसतात. हद्द आखताना किती घेतले यापेक्षा जे घेतले ते खरोखर राखता येईल काय, याचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. अकोल्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेही अभयारण्यच आहे. तरीही राष्ट्रीय उद्यानांविषयीचे कायदे या जिल्ह्यापासून दूर नाहीत, कारण अधिनियम एकच आहे. हद्दीत बदल कोणाच्या संमतीने करावयाचा, हे त्यातील कळीचे कलम. बँकेत जसे कर्जाच्या रकमेपेक्षा मंजुरीची सही कोणाची हे आधी पाहतात, तसेच हे आहे. पूर्वी राष्ट्रीय उद्यानाची हद्द बदलण्यास राज्य विधिमंडळाचा ठराव लागत असे. २००२ च्या दुरुस्तीने ती जागा राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीने घेतली. सहीचा अधिकार खुल्या सभागृहातून मंडळाच्या बैठकीत गेला. सामान्य नागरिकाला हा बदल कळलाही नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये याच अधिनियमाच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले आणि ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. समितीने एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधेयक संमत झाले. वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीच्या वेळी संयुक्त समितीकडे हजाराहून अधिक निवेदने गेली, तरी विधेयक बदलले नाही. मग लिहून काय उपयोग, असे कोणी विचारील. पण आक्षेप नोंदले गेले होते, आणि तोच विवाद पुढे न्यायालयात गेला तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनाची जुनी, व्यापक व्याख्याच तूर्त लागू राहील असे अंतरिम आदेशात सांगितले. मात्र माळरानाला त्याचा आधार मर्यादितच. महसूल दप्तरात गवताळ माळ बहुधा पडीक म्हणून लिहिलेला असतो, आणि पडीक म्हटले की त्यावर पहिला डोळा प्रकल्पाचा पडतो.

पांजरपोळासाठी उदार हस्ते देणाऱ्या समाजाला जीवदया शिकवावी लागत नाही. मोकळ्या माळावरच्या जिवासाठी मात्र पावती फाडून भागत नाही, तेथे अर्ज लिहावा लागतो. संसदीय समित्या वृत्तपत्रांत जाहिरात देऊन, सामान्यतः पंधरा दिवसांत, निवेदने मागवतात. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा राजपत्रात आला की हरकतींसाठी साठ दिवस मिळतात. निवेदन दोन पानांचे पुरे. कोणते कलम, त्याने कोणाचे काय बिघडते आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, एवढे त्यात असावे. नुसता निषेध फाइलला लागतो, सुचवलेला शब्द वाचला जातो. गट क्रमांक हद्दीत येत असेल तर सातबाऱ्याचा उतारा सोबत जोडावा आणि पोच अवश्य घ्यावी.