गणपूर्तीअभावी तहकूब

आमच्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते एका लढाईमुळे. १७२४ साली इथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची गाठ पडली. दख्खनवर हुकमत कोणाची, एवढाच प्रश्न होता. मुबारिझखान पडला, निजामाचे बस्तान बसले. ज्यांच्या घामावर ती हुकमत चालायची, त्या रयतेला मात्र कोणी काही विचारले नाही.

आज विचारतात, वाचकहो! आणि आज आम्ही जागचे हलत नाही.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. १४ व्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ पासून, केंद्राचा निधी ग्रामपंचायतींच्या पदरात पडू लागला आणि गावाने आपला आराखडा आपणच करावा असे ठरले. महाराष्ट्रात या उपक्रमाला ‘आमचं गाव, आमचा विकास’ असे गोड नाव मिळाले. पुढे १५ व्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेवर सोडला. त्यातून पगार तेवढे भागवायचे नाहीत. म्हणजे आधी अंगणवाडीचे गळके छप्पर की वस्तीची चिखलवाट, हे दिल्लीने नव्हे, आम्ही ठरवायचे.

मग ठरवतो कोण? ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा लहान असेल तो. हजारो मतदारांच्या गावात अवघी शंभर माणसे! बारशालासुद्धा याहून मोठी पंगत उठते. तेवढीही जमली नाहीत की सभा तहकूब. आणि गंमत अशी, की तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागतच नाही! पाच-सात डोकी बसतात आणि साऱ्या गावाचे वर्ष लिहून मोकळी होतात. कुठे कुठे तर हजेरीची वहीच घरोघर फिरते. मीही चहाचा घोट घेता घेता तिच्यावर सही ठोकली आहे. वर्गात मुलांची खोटी हजेरी खपवून न घेणारा मास्तर, न पाहिलेल्या सभेला हजर झाला!

घरकुलांची गोष्ट तर जिव्हारी लागणारी. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरले. २०११ च्या पाहणीतून निघालेल्या यादीतले कोणते नाव राहावे आणि कोणते गळावे, याची शहानिशा ग्रामसभेकडे आली. ज्या म्हातारीच्या कुडावर पावसाळाभर ताडपत्री असते, तिच्यासाठी तिथे कोणीतरी उठून बोलायला हवे. ती स्वतः २ ऑक्टोबरला कुठे असते? सोयाबीन सोंगायला गेलेली असते. मजुरी बुडवून तिला येणे परवडत नाही. आम्हांला परवडते, आणि आम्ही येत नाही.

‘जाऊन काय उपयोग? सगळे आधीच ठरलेले असते!’ असे शहाणे म्हणतात. ठरलेले असते हे खरे; पण तुम्ही येणार नाही हेही त्यात धरलेले असते. पुढाऱ्याला शिव्या देणे ओट्यावर बसून जमते. सभेत उभे राहून ‘ही यादी पुन्हा वाचा’ म्हणायला मात्र ओट्यावरून उठावे लागते.

दिवाळीला गावी आलेल्या लेकीसुनांनो, ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा कायद्यानेच घालून दिली आहे. तिची तारीख विचारा. मुंबई-पुण्याच्या भावांनो, ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गावाचा आराखडा फराळ करता करता उघडून पाहा, आणि त्यातली एक तरी गटार प्रत्यक्ष शोधायला जा.

येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन होईल, जिलबीचा पुडा हातात पडेल. तो घेऊन घरी वळू नका. ग्रामसभेत बसा. शंभर व्हायला एक कमी पडत असेल, तर तो आपण असू नये.