बाटलीस परवाना, मडक्यास बेडी!

हल्ली मुंबई-पुण्याच्या काही हौशी मंडळींस घरच्या घरी बीअर करण्याचा छंद जडला आहे. मोड आणून वाळविलेला सातू, हॉप्स नावाच्या परदेशी वेलीची कडू फुले आणि यीस्टची पुडी हे सर्व साहित्य त्यांस घरपोच मिळते. सातू भरडून ऊन पाण्यात भिजवावा, त्याचा गोड रस गाळून घ्यावा, तो फुलांसह तासभर उकळावा, निवला म्हणजे त्यात यीस्ट घालावे आणि झाकलेल्या भांड्यात दोन आठवडे आंबू द्यावे, झाली बीअर! चार मित्र जमतात, पेले भरतात आणि यजमानाच्या हुन्नराची वाहवा होते.

आता सातपुड्याच्या पायथ्याशी या. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ह्या तालुक्यांतील भिल्ल-पावरा घरांत उन्हाळ्यात मोहाची फुले वेचून वाळवितात. ती काही दिवस पाण्यात आंबवून मातीच्या भांड्यात उकळतात व निघालेली वाफ थंड करून धरतात. सणाला, लग्नाला, पूर्वजांच्या पूजेला ह्याच मोहाची धार धरतीवर सोडतात. ह्या घरी मात्र वाहवा करणारे मित्र येत नाहीत, पोलीस येतात. मडकी फुटतात, आंबवण मातीत जाते आणि घरधनीण कोर्टाच्या पायऱ्या चढू लागते.

वाचकहो, ह्या दोघांपैकी गुन्हेगार कोण? कायद्याप्रमाणे दोघेही! १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, तो परवान्यावाचून कोणतेही मद्य तयार करणे गुन्हा मानतो. बीअर नुसती आंबविलेली असते म्हणून सौम्य, आणि मोहाची दारू उकळून काढलेली म्हणून जहाल, हा फरक खरा आहे व तो आम्ही लपवीत नाही. परंतु परवाना नसेल तर कायद्याला दोन्ही सारख्याच. मग शहरातल्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात धाड पडल्याचे आपण कितीदा ऐकले? आणि पाड्यावर पडल्याचे कितीदा? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हाच येथील न्याय!

येथे कोणी म्हणेल, 'तुम्ही दारूचे वकीलपत्र घेतले.' तसे बिलकूल नाही. दारूने कुणब्याची शेते सावकाराच्या घरी गेली, सालदाराची मजुरी शनिवारच्या रात्रीत संपली, बलुतेदाराच्या घरची भांडी मोडीत गेली, हे आम्ही आमच्याच आळीत पाहतो. जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असता १८८० साली दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती, तीच आमची वाट. आमचा प्रश्न इतकाच की, दारू वाईट असेल तर ती फक्त गरिबाच्या मडक्यातच वाईट कशी? परवान्याच्या बाटलीत शिरताच तिचे तीर्थ कसे होते?

ह्याचे मूळ जुने आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारने आपल्या मुठीत घेतला. गावोगावच्या भट्ट्या मोडून मोठ्या भट्ट्या उभ्या केल्या, त्यांचे मक्ते पेढीवाल्यांस दिले आणि कर लावून खजिना भरला. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. झाड रानातले, फूल देवाने टाकलेले, वेचणारी बाई उपाशी, आणि ते फूल घरात ठेवण्यावरही सरकारचा पहारा! लोकांनी दारू सोडावी हा त्यातला हेतू नव्हता. घरची सोडून मक्तेदाराची प्यावी हा होता. इंग्रज गेला, मक्त्याचे नाव बदलून परवाना झाले, पण हिशेब तोच राहिला.

आजची वही उघडून पाहा. राज्याला मद्यावरील करातून दरसाल वीस हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. कायद्याच्या नावात 'दारूबंदी', पोटात मात्र आबकारी! पिणाऱ्याने एका दिवसाचा परवाना घ्यावा असा नियम आहे. देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. २०२२ साली काजूची बोंडे, मोहाची फुले अशा फळाफुलांपासून ह्याच राज्यात बनणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्याचे मंत्रिमंडळाने ठरविले. बंधूंनो, ह्याहून मोठा विनोद कोणता? सातपुड्याचा मोह कारखान्यात गेला की विलायती साहेब होतो, आणि पावऱ्याच्या अंगणात राहिला की अट्टल दरोडेखोर!

धान्याचेही तसेच. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचे धोरण राज्याने काढले. सांगणे असे की, पावसात काळी पडलेली ज्वारी-बाजरी विकली जाईल व शेतकऱ्याचे भले होईल. त्यास पुष्कळ विरोध झाला. तरी २०२५ साली 'महाराष्ट्र मेड लिकर' ह्या नावाने धान्याच्या मद्याचा नवा वर्ग पुन्हा निर्माण झालाच. काळी ज्वारी ही जर शेतकऱ्याच्या कल्याणाची सबब असेल, तर त्या ज्वारीचा भाव कोण ठरवितो? परवाना कोणाला मिळतो? अमळनेर-पारोळ्याच्या कोरडवाहू कुणब्याला, की ज्याच्या पाठीशी कोट्यवधींचे भांडवल आहे त्याला? शेतकऱ्याचे नाव अर्जावर, नफा दुसऱ्याच्या पेटीत!

आता विरोधकांची दोन म्हणणी तपासू. पहिले असे की, घरची दारू विषारी असते, माणसे मरतात, म्हणून ती बंद केलीच पाहिजे. माणसे मरतात हे खरे. मुंबईत मालवणी येथे २०१५ च्या जून महिन्यात शंभरावर गरीब माणसे विषारी दारूने मेली. परंतु ती मोहाच्या फुलाने मेली नाहीत. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल म्हणजे रंग व रसायनांच्या कारखान्यांत लागणारा विषारी मद्यार्क. तो रानात उगवत नाही, पिंपांतून चोरवाटेने येतो आणि चोरटा धंदेवाला तो पाण्यात मिसळून विकतो. घरच्यासाठी चार पेले काढणारी म्हातारी मिथेनॉलचे पिंप आणणार कोठून? विष येते ते धंद्यातून, आणि चोरटा धंदा वाढतो हप्त्याच्या सावलीत. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. अर्थात घरची दारूही काळजाला व खिशाला घातकच, आणि काळा गूळ, नवसागर घालून विक्रीसाठी काढलेल्या हातभट्टीला आम्ही 'घरची' म्हणत नाही.

दुसरे म्हणणे अधिक वजनाचे आहे. ते बायांचे आहे. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता तेव्हा, १९७२ नंतरच्या काळात, तेथील भिल्ल बाया संघटनेत आल्या, गावोगाव फिरल्या आणि दारूची मडकी त्यांनी आपल्या हातांनी फोडली. कारण मार त्यांच्या पाठीवर पडत होता, उपाशी पोरे त्यांच्या कडेवर होती. त्याच्याही आधी १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेतील देवीच्या चळवळीचे लोण खानदेशापर्यंत आले आणि आदिवासींनी दारू सोडण्याच्या शपथा घेतल्या. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी हजारो माणसांना दारूपासून दूर केले. मग मडक्याची बाजू घेणे म्हणजे ह्या बायांशी बेइमानी नव्हे काय?

आमचे उत्तर असे: त्या बायांचा अधिकार आम्ही सर्वांच्या वर मानतो. मडके फोडायचे तर ते घरच्या व गावच्या बायांनी फोडावे. पण पोलिसाने मडके फोडले म्हणजे पिणारा काही घरी बसत नाही. तो परवान्याच्या दुकानात जातो आणि आठवड्याची मजुरी तेथे ठेवून येतो. मार तोच, उपासमार तीच. फक्त पैसा गावाबाहेर गेला. बायांनी लढा दिला तो दारूशी. सरकारने चालविला आहे तो फक्त बिनकराच्या दारूशी. हे दोन लढे एक नव्हेत.

शेजारी काय चालते तेही पाहण्याजोगे आहे. शिरपूरहून सेंधव्याकडे घाट ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तेथे अनुसूचित क्षेत्रातील आदिवासीला घरच्या वापरापुरती मोहाची दारू काढण्याची मुभा आहे, आणि आलीराजपूरकडे आदिवासी बचत गटांनी काढलेली मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून विकली जाते. पश्चिमेस गुजरातेत १९६० पासून दारूबंदी. गोव्यात काजूच्या भट्टीचा रीतसर परवाना गावच्या माणसालाही मिळतो आणि फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. झाड एकच, फूल एकच, आणि डोंगराच्या एका अंगाला हक्क तर दुसऱ्या अंगाला तुरुंग! २०२१ साली आपल्या सरकारने मोहफुले वेचण्याची व बाळगण्याची बंधने उठविली, हे चांगलेच झाले. पण फूल मोकळे केले आणि निर्णय कोंडून ठेवला, ही अर्धी भाकरी झाली.

तो निर्णय कोणाचा असावा, हे १९९६ च्या पेसा कायद्याने सांगून ठेवले आहे. अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालणे वा त्यांच्या विक्रीवर व वापरावर नियंत्रण ठेवणे हा अधिकार ग्रामसभेपाशी असावा असे त्यात स्पष्ट आहे, आणि महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियमही केले. तेव्हा आमच्या मागण्या तीन. एक, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर येथील अनुसूचित गावांत घरच्या वापराचे मडके ठेवायचे की मोडायचे हे ग्रामसभेने ठरवावे, फौजदाराने नव्हे. दोन, परवान्याच्या दुकानाविरुद्ध आडव्या बाटलीचे मतदान करण्याचा जो हक्क बायांना आहे, त्यात एकूण बाया मतदारांपैकी अर्ध्यांहून अधिक मतांची अट आहे. ती सोपी करून झालेल्या मतांत बहुमत पुरे मानावे. जो आमदार निम्म्याहून कमी मतांवर निवडून येतो, त्याने बायांना ही अट घालू नये. तीन, फळ, फूल वा धान्य ह्यांपासून मद्य करण्याचे परवाने सरकार देणारच असेल, तर ते पिकविणाऱ्याच्या व वेचणाऱ्याच्या सहकारी संस्थेस आधी द्यावेत. नाही तर कोणासच देऊ नयेत.

शेवटी आमच्या घरोघरच्या वाचकांस दोन शब्द. शहरी मंडळींचा छंद पाहून घरी भांडे चढविण्याच्या भरीस पडू नका. कायदा आज आहे तो आहे, आणि त्याचा दंडुका तुमच्याच पाठीवर आधी पडतो. ज्याच्या मालाचा ठावठिकाणा माहीत नाही त्याची दारू ओठालाही लावू नका. पिऊन काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजर अंधुक झाली, पोटात कळा आल्या, ओकाऱ्या झाल्या, श्वास लागला, तर झोपेने उतरेल म्हणून वाट पाहू नका. बैलगाडी, फटफटी, जे मिळेल त्यात घालून माणसास सरकारी दवाखान्यात न्या आणि काय प्यायले ते लाज न धरता डॉक्टरला सांगा. लाजेपायी डोळे जातात, जीवही जातो.

आणि ग्रामसभेची दवंडी ऐकली म्हणजे घरातल्या बायांना पुढे बसवा. बाटली व मडके दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा आणि त्या म्हणतील तसे करा. दोन्ही फोडा म्हणाल्या तर दोन्ही फोडा. एक सजवून ठेवायची आणि एक लाथाडायचे, हा न्याय मात्र ह्यापुढे खानदेशात चालू देऊ नका.