रंग उतरवायला तेल बरे की बाम?

लग्नसराई आणि गावोगावच्या यात्रा आपल्याकडे एकदमच येतात. या दिवसांत पुरळ, लाल डोळे आणि गालांची आग घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढते. खोलात जाऊन विचारले, तर पुष्कळदा दोष मेकअपपेक्षा तो उतरवण्याच्या पद्धतीत सापडतो. अलीकडे त्यासाठी दोन वस्तू आपल्या घोडेगावपर्यंत पोचल्या आहेत. एक बाटलीतले पातळ तेल आणि दुसरा डबीतला घट्ट बाम. यातले चांगले कोणते, असे मुली विचारतात.

आधी एक धोक्याची गोष्ट सांगतो. आपल्या घरात 'बाम' म्हटले की डोकेदुखीची डबी आठवते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एक नवी नवरी सुजलेले डोळे घेऊन माझ्याकडे आली. मैत्रिणीने बामने काजळ पूस म्हणून सांगितले आणि हिने फडताळातला डोकेदुखीचा बाम पापण्यांना चोळला. त्यात मेंथॉल आणि कापूर असतो. डोळे वाचले, पण दोन दिवस तिला उजेड सहन होत नव्हता. मेकअप काढायचा बाम ही वेगळीच वस्तू आहे, हे घरातल्या मोठ्यांनीही लक्षात ठेवावे.

फाउंडेशन, लिपस्टिक, न पुसणारे काजळ यांत तेल आणि मेण असते. ते नुसत्या पाण्याने निघत नाही; तेलाला तेलच विरघळवते. यात नवे काही नाही. दुसऱ्या शतकातील रोमन वैद्य गॅलन याचे कोल्ड क्रीम मधमाशांचे मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांचेच होते. आपल्याकडे तमाशाच्या फडात तोंडाचा रंग उतरवायला खोबरेल तेल चालत आले. बाजारातल्या बाटलीत तेलाबरोबर आणखी एक द्रव्य असते. पाणी लागताच ते तेलाचे दुधासारखे मिश्रण करते आणि सगळे धुऊन निघते. जपानमधील रंगभूषाकार शू उएमुरा यांनी १९६० च्या दशकात असे तेल विक्रीला आणले. बाम म्हणजे तेच तेल, मेण घालून घट्ट केलेले. आपले खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणजे मार्गशीर्षातल्या पहाटे ते आपोआप बाम आणि चैत्रात पुन्हा तेल! तेव्हा दोन्हींच्या किमतीत मोठा फरक दिसला, तर तो डबीचा समजावा.

तरीही निवड करायचीच, तर माझे मत स्पष्ट आहे. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी खोबरेल आणि मेणाचा जड बाम दोन्ही टाळावे, कारण त्यांनी त्वचेची छिद्रे बुजू शकतात. त्यांनी पाण्याने धुऊन निघणारे पातळ तेल घ्यावे. थंडीत गाल फुटणाऱ्या कोरड्या त्वचेला बाम मानवतो, आणि तो ओघळत नसल्याने डोळ्यांत कमी जातो. तेल मात्र पापणीवर थेट ओतू नये, कापसावर घेऊन डोळे मिटून हलकेच टेकवावे. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी हात धुऊन ती काढावी. घरात कोणाचे डोळे आले असतील, तर एकाच डबीत सगळ्यांनी बोटे घालू नयेत.

तेल लावा नाहीतर बाम, त्यानंतर सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवायलाच हवे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, मग मुली टॉवेलने खसाखसा घासतात. आपल्या सावळ्या त्वचेवर अशा घासण्याने काळे डाग उठतात आणि ते जायला कित्येक महिने लागतात. अर्धा मिनिट बोटांनी हलके चोळून रंग सुटू द्यावा, मग धुवावे. घाई कसली असते, कळत नाही.

सुवासाच्या मोहात पडू नये. बैल घेताना आम्ही घोडेगावच्या बाजारात त्याचे दात मोजतो, चालवून पाहतो, आणि डबी घेताना मागची बारीक अक्षरेही वाचत नाही. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस पाहावी. स्नेहसंमेलनात मुलांच्या दाढीमिशा चिकटवलेला गोंद काढायला रॉकेल किंवा थिनर कदापि वापरू नये. तेलात भिजवून ठेवला की तो हळूहळू सुटतो.

मला खरी काळजी वाटते ती रोज रात्री रंग लावणाऱ्यांची. आपल्या जिल्ह्याने कांताबाई सातारकरांसारखी थोर कलावंत पाहिली. संगमनेर ही त्यांची कर्मभूमी, आणि तिथेच २०२१ साली त्या गेल्या. तमाशाला आपण शिट्ट्या देतो, फेटे उडवतो. पण पहाटे फड उलगडल्यावर राहुटीमागे मिणमिणत्या दिव्यात, टँकरच्या तळाच्या गढूळ पाण्यात, एकाच फडक्याने चार-पाच जणी तोंड पुसताना मी पाहिल्या आहेत. पुढच्या मुक्कामाची गाडी उभी असते, म्हणून कित्येकदा रंग तसाच राहतो. यात्रा कमिटीच्या खर्चात मंडप, लाऊडस्पीकर, शोभेची दारू हे सगळे असते. त्यात दोन पिंप स्वच्छ पाणी, एक साबणाची वडी आणि कापसाचा गठ्ठा एवढे या वर्षीच लिहून घ्यावे. खोबरेल तेल त्या स्वतःचे आणतात.