गळतं म्हणून पाडायचं?



पर्युषणाला अजून अवकाश आहे, तरी आधीच खमावून घेते. कारण आज मी गोड लिहिणार नाही.

आपल्या किनारपट्टीवरच्या एका गावात एक जुनं देरासर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, जाणाऱ्या-येणाऱ्यांना कळेलच. सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं, रंगमंडपाच्या छताला कोरीव फळ्या आणि डाव्या भिंतीवर हाताने रंगवलेला शत्रुंजयाचा पट. त्या पटातल्या डोंगरावर चढणारी बारीक बारीक माणसं दाखवत मी माझ्या मुलांना गप्प बसवलं आहे, नंतर नातवंडांनाही. तिथल्या फळ्यावर मागच्या महिन्यात कागद लागला: 'संपूर्ण जीर्णोद्धाराबाबत सभा.' चौकशी केली तेव्हा कळलं, की संपूर्ण जीर्णोद्धार म्हणजे संपूर्ण पाडणं. त्या जागी पांढऱ्या संगमरवराचं शिखरबंद देरासर. चित्रही तयार आहे. कारण काय, तर जुनं गळतं.

त्याच आठवड्यात आपल्या बायकांच्या ग्रुपवर दुसरी धावपळ चालली होती. इटली-फ्रान्सची सहल, सोबत स्वयंपाकाला महाराज, चौविहार सांभाळून जेवण, खाखऱ्यांचे डबे कोण किती नेणार. हसत नाही मी. अशा सहलीला मीही नणंदेबरोबर जाऊन आले आहे, आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा जाईन. पण तिथे आपण जे पाहून 'वा वा' करतो, तेच घरी आल्यावर कसं विसरतो, एवढंच मला विचारायचं आहे.

रोममधलं पँथिऑन आठवा. सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी बांधलेलं. त्याच्या घुमटाला मधोमध जवळजवळ नऊ मीटर रुंद भोक आहे, मुद्दाम ठेवलेलं. पाऊस आला की सरळ आत पडतो. खाली फरशीला हलका उतार आणि बारीक छिद्रं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. आमच्या गटातल्या बायका ती छिद्रं वाकून वाकून बघत होत्या, फोटो काढत होत्या. एकोणीसशे वर्षं पाणी आत येतं आहे, आणि कोणाला पाडायचं सुचलं नाही! आणखी एक गोष्ट तिथे कळली. आधीचं देऊळ आगीत गेलं म्हणून हेड्रियनच्या काळात ते नव्याने उभं राहिलं, पण दर्शनी पट्टीवर नाव कोरलं आहे ते पहिल्या बांधणाऱ्याचं, अग्रिपाचं. सम्राटाला स्वतःची पाटी लावायला कोण अडवणार होतं?

पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ ला जळलं. आपण सगळ्यांनी टीव्हीवर त्याचा मनोरा कोसळताना पाहिला. तेव्हा तिथेही नव्या पद्धतीचा, काचेचा मनोरा करा म्हणणारे होतेच. शेवटी ठरलं, जसं होतं तसंच. सुमारे दोन हजार ओकची झाडं लागली, छताचे कित्येक वासे सुतारांनी कुऱ्हाडीने जुन्या रीतीने तासले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली. जळून गेलेलं त्यांनी जुन्यासारखं उभं केलं आणि आपण उभं असलेलं पाडायला निघालो आहोत.

कोणी म्हणेल, ते युरोप आहे, आपल्याकडे काय आहे जपण्यासारखं? तारापूर म्हटलं की आपल्याला १९६९ पासून वीज देणारं अणुकेंद्र आठवतं, नाहीतर एमआयडीसी. समुद्राकाठचा तारापूरचा किल्ला, जो १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तो बोईसरमध्ये आयुष्य काढलेल्या किती जणींनी पाहिला आहे? हात वर करा. मी स्वतः पंचावन्नाव्या वर्षी पाहिला, तोही पाहुणे आले म्हणून.

आणि सोपारा. आपल्याच जिल्ह्यातलं नालासोपारा. लोकलच्या गर्दीपलीकडे त्याचं नाव आपण घेत नाही. तिथल्या एका टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणायचे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला, दगडी पेटी आणि एकात एक बसवलेले करंडक निघाले. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. गावकऱ्यांना स्तूप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण टेकाड त्यांनी राहू दिलं. म्हणून ते सापडलं.

आपल्या परंपरेत तर सोपाऱ्याची गोष्ट थेट स्वयंपाकघरातली आहे. बारा वर्षांचा दुष्काळ. श्रेष्ठी जिनदत्ताची बायको ईश्वरी हिने लाख मोल देऊन मूठभर धान्य मिळवलं, शिजवलं, आणि आता पुढे काही नाही म्हणून त्यात विष कालवायला घेतलं. एवढ्यात गोचरीला आचार्य वज्रसेन दारात आले. गुरूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, लाख मोलाचं अन्न दिसेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. त्यांनी तिचा हात थांबवला. दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याची जहाजं लागली. तिच्या चार मुलांनी दीक्षा घेतली: नागेंद्र, चंद्र, निवृत्ती, विद्याधर. आपले गच्छ आपली परंपरा ज्या चंद्रकुळाला जोडतात, ते या घरातलं. आज सोपाऱ्याला नातवंडांना घेऊन गेले तर ईश्वरीच्या काळातली एक भिंत मी त्यांना दाखवू शकत नाही. गोष्ट उरली, घर गेलं. तेव्हाचं जे गेलं त्याला काळ जबाबदार. आता जे जाईल त्याला आपण जबाबदार.

जीर्णोद्धार हा शब्दच नीट वाचा. जीर्ण झालेल्याचा उद्धार. नवं देरासर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धारात आठपट पुण्य, हे आपण आजीच्या मांडीवर ऐकलं. आठपट कशासाठी? कारण त्यात नाव कमी आणि कष्ट जास्त. देलवाडा आणि राणकपूर आज उभी दिसतात ती अशीच. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीने कस्तुरभाई लालभाईंच्या देखरेखीखाली तिथे काम केलं, तेव्हा तुटलेलं तेवढंच बदललं, जुन्याशी जुळणारा दगड शोधला, सोमपुरा कारागिरांकडून जुन्याच हातोटीने कोरून घेतलं. देलवाड्याची विमलवसही १०३१ ची. गळते म्हणून कोणी पाडली असती तर आज आपण अबूला काय पाहायला गेलो असतो?

आता विश्वस्तांचं म्हणणंही प्रामाणिकपणे मांडते. छत गळतं, खरं आहे. दोन खांबांना वाळवी लागली आहे, तेही खरं. बोईसरची वस्ती वाढली, पर्युषणात बसायला जागा पुरत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत आले आहेत, त्याची भीती आहे. एकही मुद्दा खोटा नाही. पण यातल्या कशावर पाडणं हे औषध आहे? कौलं उतरवून पुन्हा चढवता येतात, खराब वासे बदलता येतात. वाळवी लागलेला खांब खालून कापून जोड देणारे सुतार अजून आहेत. जागा कमी पडते तर मागच्या मोकळ्या आवारात मोठा उपाश्रय बांधा, मी पहिली वर्गणी देते. आणि धक्क्यांची भीती आहे म्हणूनच जाणकार इंजिनियरकडून तपासणी हवी. सभेत चित्र आलं, तपासणीचा अहवाल आला नाही.

शिवाय सिमेंट म्हणजे अमर, हा भ्रम आपल्या भागात तरी कोणी बाळगू नये. खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, स्लॅबचे पोपडे पडतात. तीस-पस्तीस वर्षांच्या किती इमारती आज रिडेव्हलपमेंटच्या रांगेत उभ्या आहेत, ते आपल्याच गल्लीत मोजा. शंभर वर्षांचा साग उभा आहे आणि त्याला आपण म्हातारा म्हणतो.

मग खरं कारण काय? कडू आहे, पण सांगते. दुरुस्तीला बोली लागत नाही. नव्या देरासराला लागते. शिलान्यासाची बोली, ध्वजेची बोली, कळसाची बोली, पायरीपायरीवर नाव. बदललेल्या कौलावर कोणाचं नाव कोरणार? मी कॉमर्सची. हिशेबाच्या वहीत इमारतीवर दरवर्षी घसारा लावतात, आणि शंभर वर्षांनी तिची पुस्तकी किंमत शून्याकडे येते. वही बरोबरच असते. चूक आपली, की आपण वहीतल्या शून्याला देवळाची किंमत समजतो. ज्यांनी त्या फळ्या कोरल्या त्यांची मजुरी वहीत होती, त्यांचा हात वहीत नव्हता.

आणि धर्माचाही हिशेब मांडू. आपण कांदा-बटाटा सोडतो, पाणी गाळतो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो, कशासाठी? जीवदयेसाठी. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत जमीन आणि खडक फोडण्याचा धंदाही आहे, कारण पृथ्वीकायाची विराधना. मग उभं देरासर असताना ट्रकच्या ट्रक संगमरवर डोंगरातून फोडून आणायचा, ही कोणती जयणा? गरज असेल तिथे बांधावंच लागतं. हौसेसाठी फोडणं वेगळं.

हे मी उंचावर उभी राहून सांगत नाही. वीस-एक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी असंच जुनं देरासर पाडून नवं झालं, तेव्हा मी हातातली एक बांगडी उतरवून दिली होती. माझं नाव संगमरवरावर आहे, अजून वाचता येतं. जुन्या दाराच्या चौकटीवर लाकडी हत्तींची रांग होती. ती चौकट कुठे गेली, हे तेव्हा मी विचारलं नाही. नंतर विचारलं तर कोणालाच आठवेना. भंगारात गेली असेल, नाहीतर कोणाच्या दिवाणखान्यात शोभेला. बांगडीचं मला काही वाटत नाही. त्या हत्तींचं वाटतं.

म्हणून सभेला बायकांनी यायचं आहे. नुसतं मागच्या सतरंजीवर बसायला नाही. चार गोष्टी मागायच्या. पहिली, जुन्या वास्तूंचं काम केलेल्या वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी आणि लेखी अहवाल. दुसरी, नव्या बांधकामाच्या अंदाजपत्रकाशेजारी दुरुस्तीचं अंदाजपत्रक. फ्रिज घेताना आपण तीन दुकानं फिरतो, इथे एकच आकडा का? तिसरी, प्रत्येक खांब, फळी, दार, पट, हस्तलिखित यांची फोटोसह यादी, विश्वस्तांच्या सहीनिशी. चौथी, हे तिन्ही हातात येईपर्यंत एकही बोली नाही, एकही वर्गणी नाही. पर्स आपल्या हातात आहे, बायांनो. ती बंद ठेवणं हीसुद्धा आराधनाच आहे.

सहलीला जरूर जा. पँथिऑनची छिद्रं बघा, नोत्र दामचे नवे वासे बघा. पण निघण्याआधी एका सकाळी आपल्या देरासरात जरा लवकर या, दर्शन झाल्यावर मान वर करून छताच्या फळ्या बघा. सभा झाल्यावर बघू म्हणाल, तर कदाचित नुसतं आभाळ दिसेल.

कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मत मात्र मागे घेत नाही.