'पुरे' कुणी म्हणायचं?

बायकांना पैशातलं कळत नाही, असं आता कुणी उघड म्हणत नाही. त्याऐवजी आठ मार्चला गुंतवणुकीवर व्याख्यान ठेवतात. भिशीत, पोस्टात, सोन्यात पैसे कशाला अडकवता, जास्तीत जास्त परतावा कुठे मिळतो ते शोधा, असा उपदेश होतो. चाकणला अशी दोन व्याख्यानं मी ऐकली आणि दोन्ही वेळा मला संताप आला.

मैत्रिणींनो, जास्तीत जास्त शोधायलाही भांडवल लागतं. ते म्हणजे वेळ. पहिल्या पाळीची कंत्राटी कामगार बाई पहाटे चारला उठून पाणी भरते, डबे करते. बँक उघडी असते तेव्हा ती मशीनवर उभी असते. दहा योजना तिने ताडून कधी पाहायच्या? हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९५६ साली हेच मांडलं. वेळ, माहिती आणि हिशेबाची ताकद माणसाकडे मर्यादित असते. म्हणून तो सर्वोत्तम शोधत बसत नाही; गरजेची एक रेघ आखतो आणि तिथवर पोचणारा पहिला पर्याय घेतो. १९७८ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या बाया तेच करतात, तर त्या अडाणी!

वीस जणींची, महिना हजाराची भिशी घ्या. व्याज शून्य, कबूल. पण जूनमध्ये जिला शाळेची फी भरायची असते तिला बाकीच्या त्या महिन्याचे वीस हजार देतात, नवऱ्याची सही न मागता. शिवाय तो पैसा घरात दिसत नाही, म्हणून गुत्त्यावर जात नाही. हा परतावा कुठल्या आलेखात दाखवणार? भिशीवाली पळाली तर दाद मागणं कठीण, हा धोका खरा आहे. पण बुडायची भीती काय फक्त भिशीतच? पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. विम्याचं संरक्षण होतं ते पाच लाखांपर्यंतच.

एक 'पुरे' मात्र मला मुळीच मान्य नाही. या पट्ट्यात कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. भाऊ एकेका गुंठ्यासाठी घासाघीस करतो आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवतो. वर साडीचोळी, आणि 'माहेर तुटेल' ही धमकी. तिथे तिला कुणी आलेख दाखवत नाही! भिशीतली रेघ बाई स्वतः आखते. इथली रेघ भावाने आखलेली असते, आणि तिच्या समाधानी स्वभावाचं कौतुक करून तिच्याकडून ती मान्य करून घेतली जाते.

महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तेवढी उकरता येत नाही.

तेव्हा निबंधकाच्या कचेरीत बोलावणं आलं तर आधी सातबारा काढा, त्या गटाचा चालू भाव विचारा, वकिलाला कागद दाखवा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मोडायचं म्हणजे कोर्टाची पायरी, आणि तिथे वर्षं जातात.