काजूचे कारखाने आणि कामकरणींचे गाऱ्हाणे

मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या भागांतील काजू कारखान्यांत फोडणी, सोलणी व प्रतवारी ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या हातून होतात. व्यवस्थापक बाष्पकाची व वखारीची काळजी वाहतो. कामकरणीची तक्रार मात्र त्याला कामातील व्यत्यय वाटते. ही समजूत तोट्याची आहे.

काजूगराचा भाव तो अख्खा निघण्यावर ठरतो. पाकळी झाली की भाव उतरतो, तुकडा झाला की आणखी उतरतो. गर भट्टीत वाळविताना झालेली चूक प्रथम सोलणाऱ्या बाईच्या बोटांना कळते. ओलसर गराची साल सुटत नाही. फाजील वाळलेला गर दाबासरशी फुटतो. "आजचा माल नीट सुटत नाही," असे ती म्हणते तेव्हा ते केवळ मजुरीचे रडगाणे नसते. भट्टीचा दोष ती सांगत असते. आषाढाच्या दमट हवेत तर हा इशारा फार मोलाचा. टरफलातील दाहक तेलाने हात पोळतात, ही फोडणीवरील बाईची तक्रारही तशीच. हातमोजे व एरंडेल यांचा खर्च डोळ्यांत येतो. कसलेला हात काम सोडून गेल्याचे नुकसान कोणी मांडीत नाही.

मालवणी मुलुखात देवापुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" अशी साथ देतात. कारखान्यातील गाऱ्हाण्याला उत्तर मिळते ते "बघू" एवढेच, आणि तेही पाठ फिरवून! प्रत्येक मागणी मान्य करावी असे नव्हे. दर वाढविणे शक्य नसेल तर हिशेब दाखवून तसे सांगावे. कारणासह दिलेला नकार बायका समजून घेतात. उत्तरच न मिळाल्यास त्या बोलणे सोडतात, आणि मग भट्टीचा दोष व्यवस्थापकाला माल फुटल्यावर, प्रतवारीच्या वेळी कळतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी मालक-कामगारांच्या कार्य समितीची तरतूद होती. वीस-पंचवीस बायकांच्या कारखान्याला ती लागू नव्हती. अशा ठिकाणी पगाराच्या दिवशी अर्धा तास व एक वही पुरे; मागील तक्रारीचे काय झाले ते प्रथम सांगावे, मग नवी लिहून घ्यावी. लैंगिक छळाची तक्रार मात्र वहीवर भागणारी नव्हे. १० किंवा अधिक कामगार असतील तेथे २०१३ च्या अधिनियमानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे.

बागायतदारांनी चालविलेल्या कारखान्यांना भेट देताना विस्तार कार्यकर्त्यांनी भट्टी पाहावी, तशी ही वहीही उघडून पाहावी.