आहारविवेक : लसणाचे गुण आणि व्रताचे मोल

सांगलीकडच्या एका श्रावक कुटुंबातील आजोबांना गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला. ते रुग्णालयातून घरी परतल्यावर समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाने एकच उपाय सुचविला : पहाटे अनशापोटी कच्च्या लसणाच्या दोन पाकळ्या. आजोबांनी कंदमुळांचा त्याग केला त्याला चाळीस वर्षे झाली होती. त्यांनी हात जोडून नकार दिला. सुनेच्या जिवाला मात्र चैन पडेना. आमटीत थोडा लसूण वाटून घातला तर हिंगाच्या फोडणीत त्याचा वास दडून जाईल, मामंजींना कळणारही नाही, असे तिच्या मनात येऊन गेले.

असा पेच अनेक जैन घरांत उभा राहतो. कांदा-लसूण मसाल्याचा खमंग वास ज्या प्रदेशात दारोदारी दरवळतो, तेथे तर तो अधिकच जाणवतो. त्यातून वाट काढताना लसणाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. आयुर्वेदाने त्याला ‘रसोन’ म्हटले, कारण सहा रसांपैकी केवळ आम्लरस त्यात उणा आहे. तो उष्ण, तीक्ष्ण व वातनाशक मानला गेला. मात्र पित्तप्रकृतीच्या माणसाने तो जपून घ्यावा, असेही वैद्य सांगत आले. आधुनिक रसायनशास्त्राने त्याच्या उग्रपणाचे मर्म उलगडले. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली वा चिरली की पेशी फुटतात, आतील ‘ॲलिइन’ या द्रव्याची एका विकराशी गाठ पडते आणि ‘ॲलिसिन’ तयार होते. जंतुनाशक गुण त्याचाच. कीटकांपासून स्वतःला वाचविण्यासाठी त्या वनस्पतीने बाळगलेले हे शस्त्र होय. घाव बसल्यावाचून ते बाहेर पडत नाही.

जैन आचारात लसूण वर्ज्य ठरला तो केवळ त्याच्या उग्र वासामुळे नव्हे. उत्तराध्ययनसूत्राच्या ३६व्या अध्ययनात साधारण-शरीर वनस्पतींच्या यादीत कांद्याबरोबर लसणाचेही नाव येते. एका शरीराच्या आश्रयाने जेथे अनंत जीव राहतात, ती साधारण वनस्पती. शेतकऱ्याला याची एक खूण रोजच्या व्यवहारातही दिसते : लसणाची लागवड बियांनी होत नाही, पाकळ्यांनी होते. एका गड्ड्यातील प्रत्येक पाकळी नवे रोप होऊ शकते. टोपलीत पडून राहिली तरी तिला कोंब फुटतो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रत सांगताना मुळा, ओले आले अशा वस्तू त्याज्य ठरविल्या, त्या लाभ थोडा आणि जीवघात फार या कसोटीवर.

लसणाचा लाभ खरोखर किती, हे याच कसोटीवर पाहता येते. २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९२ प्रौढांवर सहा महिने प्रयोग केला. काहींना कच्चा लसूण, काहींना लसणाची तयार औषधे, तर काहींना निर्गुण गोळी दिली. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. अन्य काही अभ्यासांत कोलेस्टेरॉल व रक्तदाब किंचित उतरल्याचे दिसले आहे. पण नियमित औषधाची जागा लसूण घेऊ शकेल, असे त्यांतून सिद्ध होत नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना कच्चा लसूण भरपूर खाल्ल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. लसूणतेलाच्या मऊ कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते, हेही श्रावकाने ध्यानी ठेवावे.

नियमही राहावा आणि लाभही सुटू नये, ही मनुष्याची ओढ फार जुनी आहे. मध्य आशियातील कुचा येथे १८९० साली मिळालेल्या भूर्जपत्रावरील प्राचीन वैद्यक हस्तलिखिताचा आरंभच लसणाच्या वर्णनाने होतो. ज्या द्विजांना लसूण निषिद्ध, त्यांच्यासाठी त्यात एक युक्ती सांगितली आहे : गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्यावाचून ठेवावे, मग लसणाची पात मिसळलेले गवत द्यावे आणि तिचे दूध, दही, तूप सेवन करावे. जैन श्रावकाला ही वाट मोकळी नाही. पशूचे अन्नपाणी रोखणे हा अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे. एक दोष टाळण्यासाठी दुसरा पत्करला, तर व्रताचे केवळ कवच उरते.

सुनेने अखेर आमटीत काही मिसळले नाही. पुढच्या तपासणीच्या वेळी तिने डॉक्टरांनाच मोकळेपणाने विचारले. आजोबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. डॉक्टरांनी कच्चा लसूण न घेण्याचाच सल्ला दिला. गोळ्या वेळच्या वेळी, मीठ व तेल कमी, रोज चालणे आणि तंतुमय आहार, एवढे त्यांनी लिहून दिले. त्या घरात आता जवसाची चटणी, भिजविलेले मेथीदाणे आणि हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेले मुगाचे वरण नित्य असते.

परतताना तिने आमटीचा तो विचार मामंजींना सांगून टाकला. ते क्षणभर थांबले. म्हणाले, “बाळ, तू माझ्या आयुष्याची काळजी केलीस, त्यात काही चुकले नाही. पण न सांगता घातला असतास, तर माझा नियम मोडला नसता. तुझ्यावरचा माझा विश्वास मोडला असता.”

आजाऱ्याच्या ताटात काय वाढावे, हे वैद्याला विचारून ठरवावे. पण जे वाढले ते त्याला ठाऊक असावे. श्रावकाच्या स्वयंपाकघरात अहिंसेइतकेच सत्यालाही स्थान आहे.